थंडीच्या दिवसांतली घरची वीज

(रात्रीच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



दिवाळी झाली. तुळशीचे लग्न लागले. आता पहाटे अंगावरची गोधडी सोडवत नाही. मार्गशीर्ष आणि पौष हे तर कडाक्याच्या थंडीचे महिने. निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. परभणीलाही थंडी फार.

थंडी आली की घरातली कामे बदलतात. पहाटे उठल्याबरोबर पहिली हाक येते, "पाणी तापलं का?" पूर्वी दारात बंब धुमसायचा. चुलीवर हंडा चढायचा. आजही पुष्कळ घरी चढतो. पण आता बऱ्याच घरांत बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडतात आणि बटण दाबतात. लाकूड नको, फुंकणी नको, डोळ्यांत धूर नको. सोय चांगली आहे. सोयीला नावे ठेवायला मी उभा राहिलो नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चुलीतला विस्तव दिसतो. विजेचा विस्तव दिसत नाही. रांगते मूल चुलीजवळ गेले तर घरातली चार माणसे धावतात. तेच मूल रॉड लावलेल्या बादलीजवळ गेले, तर पुष्कळदा कोणी मान वर करूनही बघत नाही. बादली ती बादलीच दिसते. पाणी ते पाणीच दिसते.

म्हणून आज मी विजेविषयी बोलणार आहे. सांगायचे पुष्कळ आहे, पण मुद्दा एकच. फ्यूज तारेला राखतो. माणसाला राखते ती अर्थिंग. हे कसे, ते आता पाहू.

वीज कशी चालते

आपल्या घरात वीज दोन तारांनी खेळते. एका तारेला फेज म्हणतात. दुसरीला न्यूट्रल म्हणतात. वीज फेजने येते, दिव्यातून, पंख्यातून फिरते आणि न्यूट्रलने परत डीपीकडे जाते. जाणे आणि येणे असा हा फेरा आहे. फेरा पुरा झाला तरच दिवा लागतो.

आता गंमत अशी, की डीपीपाशी न्यूट्रलची तार जमिनीत पुरलेली असते. म्हणजे विजेला परत जायला वाटा दोन. एक तारेची. दुसरी जमिनीची. फेजची तार कुठे उघडी पडली आणि तिला आपला हात लागला, तर वीज आपल्या हातातून शिरते, अंगातून जाते आणि पायातून जमिनीत उतरते. आपण ज्याला करंट बसला म्हणतो, तो हाच. त्या घडीला आपले अंग म्हणजेच तार होते.

अंग कोरडे असले, पायात कोरडी चप्पल असली, तर विजेला थोडी अडचण होते. अंग ओले आणि पाय ओल्या फरशीवर अनवाणी असले, तर काही अडचण राहत नाही. आता बघा. पहाटे रॉड लावणाऱ्या बाईचे हात कसे असतात? ओले. पाय कुठे असतात? मोरीत. म्हणून थंडीचे दिवस विजेच्या बाबतीत नाजूक.

किती विजेने माणूस दगावतो? हिशेब करू. विजेचा प्रवाह अँपियरमध्ये मोजतात. एका अँपियरचे १००० भाग करा. अशा १० भागांएवढी वीज अंगातून गेली, तर हाताचे स्नायू आवळतात. धरलेली वस्तू सुटत नाही. ३० भागांच्या पुढे गेली आणि थोडा वेळ राहिली, तर श्वास अडकतो, काळजाचे ठोके चुकतात आणि जीव जाऊ शकतो. आता ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब आठवा. त्यातून जवळजवळ २६० भाग वीज जाते. म्हणजे एक साधा बल्ब जेवढी वीज घेतो, तिचा आठवा-नववा हिस्सा माणसाला पुरतो.

फ्यूज कोणाला राखतो?

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या घरी फ्यूज आहे की. करंट आला तर फ्यूज जाईल."

नाही जाणार. घरचा फ्यूज ५ अँपियरचा धरला, तर तो ५००० भागांच्या पुढे गेल्याशिवाय वितळायचा नाही. माणसाचा जीव ३० भागांत धोक्यात येतो. माणूस तडफडत असतो आणि फ्यूजला वाटते, घरात कुठे एक लहानसा दिवा लागला आहे. नव्या घरांत फ्यूजच्या जागी एमसीबी असतो. जास्त वीज ओढली की त्याचा खटका पडतो. पण मोजमाप तेच. तोही माणसाला ओळखत नाही.

मग फ्यूज कशासाठी? तारेसाठी. तारेतून वीज गेली की तार तापते. वीज दुप्पट झाली तर तापणे चौपट होते. तार फार तापली की वरचे प्लास्टिक वितळते आणि घर पेटते. तसे होण्याआधी फ्यूज स्वतः वितळतो आणि वीज तोडतो. तो घराची राखण करतो.

थंडीत रॉड लावला की काही घरी फ्यूज वारंवार जातो. मग एखादा शहाणा फ्यूजमध्ये जाड तार घालतो. कोणी वायरीतले चार धागे पिळून घालतो. फ्यूज जायचा थांबतो आणि सगळे खूश होतात. पण झाले काय? कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधले. चोर तर अंगणातच आहे. फ्यूज वारंवार जातो याचा अर्थ तार कमी पडते, नाहीतर कुठे दोष आहे. तो शोधावा. फ्यूजमध्ये त्याच्या मापाची फ्यूज-तारच घालावी.

माणसाला कोण राखते?

पिनला तीन पाय असतात. दोन खाली, एक वर. वरचा पाय जाड आणि लांब असतो. तो अर्थिंगचा. त्याची तार भिंतीतून बाहेर येऊन थेट जमिनीत जाते. रोज लागणारी वीज या तारेतून जात नाही. ती फक्त संकटाच्या वेळी कामी येते.

आता रॉडचे उदाहरण घेऊ. रॉडच्या नळीत तापणारी तार असते. तिच्याभोवती विजेला अडवणारी पूड भरलेली असते. रॉड जुना झाला, नळीला चीर गेली आणि पाणी आत शिरले, की तारेतली वीज नळीला लागते. बादलीतल्या पाण्यात उतरते.

अर्थिंग चांगली असेल, तर ही वीज माणसाची वाट बघत नाही. तिला तिसऱ्या तारेची सोपी वाट मिळते. ती एकदम जमिनीकडे धावते. एवढी धावते, की फ्यूज जातो आणि वीज बंद पडते. घरातले म्हणतात, "रॉड बिघडला वाटतं." रॉड बिघडला, माणूस वाचला.

अर्थिंग नसेल, तर वीज पाण्यात तशीच थांबते. फ्यूज जात नाही. दिवा लागलेला असतो. पाणी तापत असते. सगळे ठीक दिसते. मग कोणीतरी पाणी तापले का बघायला बोट बुडवते.

म्हणून म्हणतो, तिसरा पाय ही शोभेची वस्तू नाही. काही जण जुन्या बोर्डात पिन बसत नाही म्हणून तो पाय कापून टाकतात. काही जण पिन काढून नुसत्या तारा भोकांत खुपसतात आणि काड्या मारतात. असे कधी करू नये.

दुसरी फसवणूक याहून मोठी. पुष्कळ घरांत बोर्डाला भोके तीन असतात, पण मागे तारा दोनच असतात. वरचे भोक नुसतेच. घरमालकाला वाटते, अर्थिंग आहे. प्रत्यक्षात काही नसते. हे बाहेरून कळत नाही. चांगला वायरमन दहा मिनिटांत तपासून सांगतो. थंडी लागण्याआधी एवढी तपासणी करून घ्या. आपण स्वतः भोकात तार घालून बघू नये.

अर्थिंगचा खड्डा

अर्थिंगची तार जमिनीत नुसती खोचून भागत नाही. नळाच्या पाइपाला किंवा भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळूनही भागत नाही. चांगली अर्थिंग करायची तर आठ-दहा फूट खोल लोखंडी पाइप किंवा तांब्याचा पत्रा पुरतात. लोखंडी पाइपाला जस्ताचा मुलामा असावा, म्हणजे तो लवकर गंजत नाही. त्याच्याभोवती लोणारी कोळसा आणि मीठ यांचे थर घालतात. ते ओल धरून ठेवतात. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरड्या मातीतून जात नाही.

इथेच थंडीची गोष्ट येते. पावसाळ्यात जमीन ओली असते. अर्थिंग चांगले काम करते. पाऊस गेला की जमीन वरून सुकत जाते. माळाची, मुरमाड जमीन तर लवकर सुकते. म्हणजे रॉड काढायची वेळ येते, तेव्हाच अर्थिंग कमजोर व्हायला लागते.

उपाय साधा आहे. आपण तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालतो. तसे आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालावे. सांडपाणी चालेल. खड्डा कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावे. वरची तार गंजून तुटलेली नाही ना, हे नजरेने पाहावे. फक्त पाहावे. उघड्या तारेला हात लावू नये.

आणखी एक राखणदार हल्ली मिळतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. पुष्कळ दुकानदार त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. तो काय करतो? तो हिशेबनीस आहे. घरात किती वीज गेली आणि किती परत आली, हे तो क्षणोक्षणी जुळवून बघतो. मघाशी आपण १००० भाग केले. त्यातल्या ३० भागांचा हिशेब चुकला, की तो क्षणात वीज तोडतो. ते ३० भाग कुठे गेले? कदाचित कोणाच्या अंगातून जात असतील. म्हणून तो थांबत नाही.

घेताना ३० मिलीअँपियरचा मागावा. वर लिहिलेले असते. त्याला एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका खाली पडला पाहिजे. नाही पडला, तर तो निकामी झाला समजावे आणि बदलावा. त्याची किंमत एका चांगल्या शेळीच्या किमतीहून पुष्कळ कमी आहे.

पण तो आला म्हणून अर्थिंग नको, फ्यूज नको, असे नव्हे. कोणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम धरल्या, तर त्यालाही कळत नाही. त्याला वाटते, हिशेब जुळला. म्हणून तिन्ही राखणदार हवेत आणि आपले भानही हवे.

रॉड कसा वापरावा

आता रोजच्या कामाकडे येऊ. हे नीट वाचा. घरी मोठ्याने वाचून दाखवा.

१. रॉडवरचे अक्षर वाचा. आयएसआयची खूण पाहा. वॅट किती, ते पाहा. बहुतेक रॉड १००० किंवा १५०० वॅटचे असतात. हे आकडे इंग्रजी असतात. आकडे दहाच आहेत. दोन संध्याकाळी बसलात तर ओळखता येतील.

२. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपियर वीज ओढतो. दिव्याच्या बोर्डावरची लहान भोके ६ अँपियरची असतात. त्यात हा रॉड लावू नये. मोठ्या भोकांचा, १६ अँपियरचा बोर्ड वेगळा बसवून घ्यावा. त्याची तार निदान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, तांब्याची असावी. दिव्याच्या बारीक तारेवर रॉड चालवणे म्हणजे कोकराच्या पाठीवर पोते टाकणे. एक रॉड म्हणजे ९ वॅटचे १६६ दिवे, हे लक्षात ठेवा.

३. लोखंडी किंवा पितळी बादली घेऊ नये. प्लास्टिकची जाड बादली घ्यावी. बादलीवर कोरडी लाकडी पट्टी आडवी ठेवून तिच्यावर रॉड अडकवावा. रॉड कडेला आणि बुडाला टेकू नये.

४. रॉडवर पाण्याच्या खुणा असतात. पाणी त्या दोन खुणांच्या मध्ये असावे. कोरडा रॉड कधी चालू करू नये. तो फुटतो.

५. आधी रॉड पाण्यात. मग पिन. मग बटण. काढताना उलटे. आधी बटण बंद. मग पिन काढायची. मग थोडे थांबायचे. मग रॉड बाहेर.

कोणी विचारील, बटण बंद केले तर पिन कशाला काढायची? बटण फेजच्या तारेवर असायला हवे. पण काही घरांत चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असते. मग बटण बंद असले तरी रॉडमध्ये वीज असते. पिन काढली की शंका राहत नाही. पिन काढताना हात कोरडे असावेत आणि पिन धरून ओढावी, तार धरून नव्हे.

६. पाणी तापले का, हे बोट घालून बघू नये. वाफ बघावी. घड्याळ बघावे. २० लिटरची बादली १५०० वॅटच्या रॉडवर अर्ध्या तासात अंघोळीजोगी तापते.

७. रॉड मोरीत लावू नये. कोरड्या जागी, मुलांच्या वाटेपासून दूर लावावा आणि तिथे मोठे माणूस असावे. लावला आणि शेतात गेलो, असे करू नये.

८. बोअरचे पाणी जड असेल तर रॉडवर पांढरे पापुद्रे बसतात. त्यामुळे उष्णता आत कोंडते आणि नळी तडकते. पिन काढून, रॉड थंड झाल्यावर ते साफ करावेत. चीर दिसली, तार खरपुसली, हाताला किंचित झिणझिणी आली, तर तो रॉड दुरुस्तीला देऊ नये. मोडीत टाकावा.

खर्चाचेही सांगतो. १५०० वॅटचा रॉड ४० मिनिटे चालला की १ युनिट वीज जाते. म्हणजे वेळेवर बंद केल्याने जीवही वाचतो आणि पैसाही वाचतो.

ज्यांच्या घरी गिझर आहे त्यांनी पाणी काढून घेऊन, गिझर बंद करून मगच अंघोळीला बसावे. गिझरला वेगळी जाड तार आणि अर्थिंग हवीच.

घरात आलेला माल आणि उंदीर

थंडीच्या दिवसांत खरिपाचा माल घरात येतो. खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवतात. खोली छतापर्यंत भरते. त्याच खोलीत विजेचा बोर्ड असतो. वर होल्डरला पिवळा बल्ब लोंबत असतो. कापसाला ठिणगी पुरते. ढिली पिन, सैल जोड किंवा तापलेला बल्ब यांतून आग लागली, तर वर्षाची कमाई आणि घर दोन्ही जाते.

कापसाच्या खोलीची वीज मेन स्विचपाशीच तोडता आली तर उत्तम. आत जायचे तर बॅटरी घेऊन जावे. कंदील, चिमणी किंवा बिडी आत नेऊ नये. बोर्ड आणि बल्ब यांच्यापासून कापूस निदान हातभर दूर ठेवावा. मीटरच्या पेटीपाशी सोयाबीनची पोती रचू नयेत. आग लागली तर मेन स्विच बंद करायला वाट मोकळी हवी.

धान्य आले की मागोमाग उंदीर येतो. तो दाण्यावर दात चालवतो, तसा वायरीवरही चालवतो. वरचे प्लास्टिक कुरतडले की आतले तांबे उघडे पडते. पत्र्याच्या घरात अशी तार पत्र्याला टेकली, तर सगळे घर करंट मारू लागते. म्हणून वायरी नळीतून न्याव्यात. पत्र्याच्या कडेवरून, खिळ्यावरून ओढू नयेत. नुसती चिकटपट्टी गुंडाळून जोड टिकत नाही.

आणखी चार गोष्टी थोडक्यात सांगतो.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका. विजेच्या खांबाला तर मुळीच बांधू नका. ओला कपडा आणि लोखंडी तार यांनी पुष्कळ बाया दगावल्या आहेत. नायलॉनची दोरी बांधा.

मोबाईल चार्जिंगला लावून गोधडीत घेऊन झोपू नका. त्याची उष्णता बाहेर जायला जागा नसते.

तुळशीच्या लग्नानंतर गावात लग्ने निघतात. मांडवाच्या रोषणाईसाठी खांबावर आकडा टाकू नका. तो गुन्हा तर आहेच, पण त्या तारेला फ्यूज नसतो, अर्थिंग नसते. कोणताच राखणदार नसतो.

संक्रांतीला पतंग तारेत अडकला तर मुलांना तो काढू देऊ नका. पतंग चार पैशांचा असतो.

करंट बसला तर

घरात कोणाला करंट बसला आणि हात सुटत नसेल, तर धावत जाऊन त्याला धरू नका. धराल तर दोघे अडकाल. आधी मेन स्विच बंद करा. तो जवळ नसेल, तर कोरड्या लाकडी फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. रस्त्यात किंवा शेतात पडलेल्या तारेला मात्र काठीही लावू नका. लांब राहा, इतरांना अडवा आणि १९१२ या क्रमांकावर कळवा.

माणूस सुटला, पण हालत नाही, श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन लावा. तोवर त्याला पाठीवर निजवा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, दोन इंच दबेल इतके जोराने दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. गाडी येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याने दाबावे. मातीत पुरणे, कांदा हुंगवणे यांत वेळ घालवू नये. माणूस लगेच उठून बसला, तरी दवाखान्यात दाखवून घ्यावे.

विजेची आग लागली तर पाणी टाकू नका. मेन स्विच बंद करून वाळू किंवा कोरडी माती टाका.

काम कोणाचे आणि खर्च कोणाचा?

१९६० साली आपल्या राज्यात वीज मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या. बहुतेक गावांत वीज पोचवणारी कंपनी म्हणजे महावितरण. मीटरपर्यंतचे काम कंपनीचे. मीटरच्या पुढे घरातली तार, बोर्ड, अर्थिंग हे सगळे आपले. डीपीवर चढून फ्यूज टाकणे हे आपले काम नव्हे. रात्री भरणे राहिले म्हणून कोणी चढतो आणि परत येत नाही. कंपनीच्या वायरमनला बोलवावे. घरातले काम परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्यावे.

"गुरुजी, अर्थिंगला पैसे लागतात," असे म्हणाल. लागतात. पण घरात टीव्ही आला तेव्हा पैसे लागले. लग्नाच्या मांडवाला लागले. ते चार लोकांना दिसते, म्हणून खर्चताना हात आखडत नाही. अर्थिंग जमिनीत असते. ती कोणाला दिसत नाही. म्हणून तिची पाळी शेवटी येते.

आता जरा विचार करा. थंडीत पहाटे पाच वाजता सगळे घर पांघरुणात असताना बादलीला पहिला हात कोणाचा लागतो? आईचा. सुनेचा. कधी शाळेला जाणाऱ्या पोरीचा. धोका त्यांच्या हाताशी असतो, आणि खर्चाची गोष्ट ठरते ओट्यावर, पुरुषांच्या बैठकीत. हे बरोबर नाही. घरात विजेवर काय खर्च करायचा, हे ठरवताना त्यांना आधी विचारा. आणि बायांनो, तुम्हीही गप्प बसू नका. तुम्हाला आता वाचता येते. रॉडवरचे वाचा. बोर्डाकडे बघा. वायरमन आला की त्याला विचारा, "दादा, या भोकामागं तिसरी तार आहे का? दाखवा."

एवढा एक प्रश्न प्रत्येक घरातून विचारला गेला, तर आजचे माझे बोलणे कामी आले. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. पौष लागायच्या आत हे काम करून घ्या.

नमस्कार.

वाचा आणि सांगा

१. फ्यूज कोणाला राखतो? अर्थिंग कोणाला राखते?
२. पिनचा वरचा पाय जाड आणि लांब असतो. तो कशासाठी?
३. रॉड पाण्यातून काढण्याआधी कोणत्या तीन गोष्टी कराल?
४. तुमच्या घरचा रॉड किती वॅटचा आहे? वाचून वहीत लिहा.
५. तुमच्या घरचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? त्यात शेवटचे पाणी कधी घातले?